थंडी

खिंडीतला बर्फ माझा आहे.
दुसऱ्या भागात, जिथे राजकन्या सात मिनिटं एकटी चालते
आणि मागच्या सुळक्यावरून पांढरा ड्रॅगन उतरतो,
तिथला.
अकरा महिने लागले. मॉन्ट्रियलमधलं एक तळघर,
खऱ्या बर्फाने बुजलेली खिडकी,
आणि आत मी, कणाकणाला शिकवत बसलेली :
वाऱ्यात कसं वळायचं, कुठे दमायचं,
कुणाच्या पापणीवर किती वेळ टिकायचं.
क्वाबेनाकडे ड्रॅगनच्या पापण्या होत्या.
तो सरड्यांचे फोटो बघत जेवायचा.
केसांवर सव्वीस जण होते. फक्त केसांवर.

पहिल्या रविवारी बाबांना घेऊन गेले, दुपारच्या खेळाला.
रेजाँ मार्शसो. एकतीस वर्षं महापालिकेचा बर्फनांगर
पहाटे तीनपासून.
डावा कान त्या इंजिनातच राहिला,
म्हणून मी उजवीकडे बसले.

खिंड आली. मी पडदा नाही, त्यांना बघत होते.
ते पुढे वाकले.
‘हा रात्री पडलेला,’ म्हणाले, ‘आणि हा त्याच्याखालचा, परवाचा.
बघ, कड कशी निळी आहे.’
एवढ्या जणांनी तपासला होता तो बर्फ,
ती निळी कड कुणाला दिसली नव्हती.
माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

मग बराच वेळ गप्प.
मग उजव्या बाजूला कलून, सगळ्यांना ऐकू जाईल असं :
‘ओडिल, त्या पोरीला थंडी का वाजत नाही?’

तिचा गळा उघडा होता.
गळ्यावरची लव आम्ही एकेक करून बसवली होती,
त्वचेची रंध्रंसुद्धा. काटा मात्र
एकदाही आला नाही त्या अंगावर.
ती ‘नियती’ म्हणाली. पुन्हा ‘नियती’ म्हणाली.
भाऊ फितूर निघाला, तिने त्याला माफ केलं,
का, ते मला अजून माहीत नाही,
आणि मी तो प्रसंग दोनशे वेळा पाहिलाय.

पहिला भाग आला तेव्हा मी चौदा वर्षांची होते.
ड्रॅगन रबरी, शेपटीची शिवण दिसायची,
पंखातली तार एकदा दिव्यात चक्क चमकली.
पण हीच पोर, मेलेल्या भावाचे बूट काढून घेते
आणि तिला ते घालवत नाहीत.
नाड्या दाताने बांधून बूट गळ्यात अडकवते,
अनवाणी चालत राहते.
परतताना गाडीत आई अख्ख्या पुलावर बोलली नाही.
घरी आल्यावर आमचे सगळ्यांचे बूट
तिने हीटरजवळ ओळीने लावले,
स्वतःचे सगळ्यात शेवटी.

तशी ओळ नंतर कुणी लावली नाही.

आम्ही जीव ओतला, असं सगळे म्हणतात.
ओतलाच. पण भांडं कुठलं होतं?
बर्फाला एक विभाग, धुक्याला एक,
राखेला दोन, कारण पहिल्याचं जमेना.
थंडी कुणाच्याच विभागात नव्हती.
मीही कधी विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हणाले असते, वाफ वाढवू का तोंडातून?
आणि मी वाढवली असती, फार सुंदर.

शेवटी नावं वर सरकू लागली.
झाडूवाला पोरगा दारात खोळंबलेला,
बाबा टोपी हातात धरून उभे.
माझं नाव आलं आणि गेलं, डोळा मिटेस्तोवर.
त्यांनी लोकरी हातमोजे आधीच चढवले होते.
त्यातच टाळ्या वाजवल्या.
आवाज आला नाही.

बाहेर उणे चोवीस.
गाडी सुरू होईना. त्यांनी बॅटरीला शिव्या दिल्या,
बॅटरी विकणाऱ्याला दिल्या,
मग कुठल्याशा जुन्या महापौराला.
नाक गळत होतं, मिशीत थिजत होतं,
काच खरवडताना गुडघा दोनदा वाकला.
‘बस आत, गारठशील,’ म्हणाले.
मी बसले नाही.
मी उभी राहून बघत होते
त्यांना किती थंडी वाजते आहे ते.